सासूबाईंचं नाक

सासूबाई आमटीतलं मीठ वासावरून ओळखायच्या. नैवेद्याआधी चव घेतली की अन्न उष्टं होतं, म्हणून सोवळ्यात स्वयंपाक करताना त्या पातेल्यावर वाकून एक श्वास घेत आणि म्हणत, "चिमूटभर कमी आहे." कधी चुकल्या नाहीत. कर्जतला आमच्या आळीत त्यांच्या नाकाचा दरारा होता. मला, नव्या सुनेला, तर जरा जास्तच.

लढाईचे दिवस होते, जिनसांत भेसळ घरोघर. त्या पावसाळ्यात सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या आणि उठल्या त्या संशय घेऊनच. "दुधाला दुधाचा वास नाही. पाणी घालतोस!" त्या गवळ्याला म्हणत. तो बिचारा कळवळे, "न्हाई वो आई, म्हशीची आन!" मग वाण्याची पाळी आली, आणि शेवटी माझी. "अस्सल हिंग हिच्या माहेरी पोचला आणि डबीत कणीक राहिली," असं त्या मला ऐकू जाईल इतपत पुटपुटत. फार रडू यायचं. पुढे मीच चोरून डबी हुंगायला लागले. वास यायचा, पण खात्री वाटेना.

अखेर त्यांनी ह्यांना फर्मावलं, "उद्या हिला माहेरी पोचव. परत आणायची घाई नाही." आईपुढे ह्यांची मान खालीच.

सकाळी ट्रंक ओसरीवर आली. मी परसात होते, तोच जळक्या रेशमाचा वास आला. धावत आत गेले. सासूबाई चुलीपाशी त्याच डबीत नाक खुपसून बसलेल्या, आणि सोवळ्याचा पदर निखाऱ्यावर धुमसत होता. मी तो ओढून हातानेच विझवला.

"शिवलीस मला!" त्या ओरडल्या. मग पदर दिसला. त्यांनी तो नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"तुला परसात वास आला?"

"हो."

डबी माझ्यापुढे झाली. "आणि ह्याचा?"

"येतो, सासूबाई."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "ट्रंक आत ठेव जा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून पातेल्यावर मी वाकायची. "हुंग. आणि खरं सांग," असं म्हणून त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. संशय काही गेला नाही, पण देवाचं पान माझ्या भरवशावर वाढलं जाई.

शेवटच्या दुखण्यात त्यांना दिसेनासंही झालं. एकदा मी त्यांच्या ओंजळीत परसातली फुलं ठेवली. त्यांनी हुंगली.

"वास नाही येत ग."

"अबोली आहे. हिला वासच नसतो."

"कुणालाच येत नाही?"

"कुणालाच नाही."

मी खोटं बोलतेय का, ते त्यांनी माझा चेहरा चाचपून पाहिलं. मग फुलं पुन्हा नाकाशी नेली.

"म्हणजे माझं नाक बरोबर आहे," त्या म्हणाल्या.