कापसाच्या खोलीतली आत्या

आत्यासारखं सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आतोबांशी भांडण झालं की ती सेलूहून आमच्याकडे देवळीला येई आणि सांगे, "त्यायनंच धाडलं. म्हणे, जराक आराम करून ये."

त्या वर्षी ती ऐन कापसाच्या दिवसांत आली. मी नऊ वर्षांची होते आणि म्हाताऱ्यांचा म्हणतात तो संधिवात घेऊन खाटेवर पडले होते. सकाळी गुडघे टम्म सुजलेले असत. डॉक्टरांनी हालचाल बंद केली होती, म्हणून बाबा मला न्हाणीतही उचलून नेत. पडून पडून उजवा गुडघा सरळच होईनासा झाला होता.

आत्यानं दोन दिवस नुसतं पाहिलं. मग बाबा शेतावर गेल्यावर, पोरीला उन्हात बसवते असं आईला सांगून तिनं मला कापसाच्या खोलीत नेऊन सोडलं. आत मागच्या भिंतीशी आढ्यापर्यंत चढलेला आणि दाराकडे उतरत आलेला ढीग होता.

"तुडव," ती म्हणाली. "पडली तं लागत नाई." आणि पदर खोचून आधी स्वतःच धपकन पडली.

दुखायचं, पण कापूस ऊबदार होता आणि आत्या माझ्याहून जास्त पडायची. अंगात ताप असला की मात्र ती मला गळ्यापर्यंत कापसात पुरून ठेवी आणि गल्लीतल्या बायकांच्या चालीच्या नकला करी.

माझ्या केसांत कापूस दिसला तेव्हा तिनं बाबांना सांगितलं, उशी उसवली. पुढच्या वेळी गादी उसवली. मग एके दुपारी बाबांनी खोलीचं दार उघडलं. मी ढिगावर उभी होते आणि आत्या खालून माझ्यावर कापूस उधळत होती. पोरीला काही झालं तर कोण निस्तरणार, असं बाबांनी विचारलं.

"दादा, भेव मलेही वाटते," आत्या हळूच म्हणाली. "पण तू तिले असाच उचलत राह्यला, तं जन्मभर उचलावं लागन."

बाबांनी दार ओढून घेतलं. रात्री जेवताना ते आईला एवढंच म्हणाले, "उशा नीट शिवत जा."

कापूस विकला गेला आणि आतोबा बैलगाडी घेऊन आत्याला न्यायला आले. मी गाडीमागून वेशीपर्यंत चालत गेले. गाडीत जागा होती, पण आत्यानं मला बसू दिलं नाही; बैल हळू हाका, असं आतोबांना बजावत राहिली. वेशीवर म्हणाली, "आता घरी जाय."

"एकटी?"

"तं काय, मी येऊ पोचवाले?"

गाडी गेली. गुडघा ठणकत होता. थोडी रडले, एका ओट्यावर टेकले, पुन्हा उठले. घर दिसलं तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांचा एक पाय पायरीखाली आला होता. तो त्यांनी परत वर घेतला आणि हात पाठीमागे बांधून मी पोचेपर्यंत तिथंच उभे राहिले.