मे महिन्यात खड्ड्याला लागलेलं पाणी

अंगात येणं, चकवा, भानामती... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ तोंडावर हसतो. त्यातून माझा धंदा विहिरी आणि बोअरिंगचा. जमिनीत पाणी कुठं असतं, कुठं नसतं, हे मला कुणी शिकवू नये! आणि नेमका पाण्यानंच माझा माज उतरवला.

साल चौऱ्याहत्तर किंवा पंच्याहत्तर. नागपूर-सावनेर रस्त्यावरून आत तीन मैलांवर आमचं गाव. वस्ती खाली नाल्याकाठी, चर्च वर मुरमाड टेकाडावर, त्यामागे कब्रस्थान. आमची ख्रिस्ती घरं वीस-बावीस, बाकी सगळे हिंदू शेतकरी. पण आमच्यात मयत झाली की खड्डा खणायला गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ घेऊन यायचा. तशी रीतच होती.

मे महिन्यात एका सकाळी निरोप आला — ज्या ठेकेदाराकडे तो मजुरीला होता, त्याच्या ट्रकमधून पडून माझा धाकटा भाऊ योसेफ गेला. दुपारी ठेकेदाराचा माणूस जीपमधून बॉडी घेऊन आला, पांढऱ्या कापडात शिवलेली. "चेहरा राहिला नाही, उघडू नका," एवढंच बोलला. उन्हाचे दिवस. फादर म्हणाले, खड्डा झाला की लगेच मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करून माती देऊ.

आम्ही खणायला लागलो. कमरेइतकं खोल गेल्यावर आमचे शेजारी नामदेवकाका आतून ओरडले, "पाणी लागलं गा!"

"काहीतरीच काय बोलून राहिले काका! खाली विहिरीत घागर बुडत नाही अन् इथं टेकाडावर पाणी?"

"मंग तूच उतरून पाह्य."

उतरलो. घोट्यापर्यंत थंडगार पाणी! बादल्यांनी उपसलं, पुन्हा तेवढंच. दहा पावलं सोडून दुसरा खड्डा घेतला... तिथंही तेच. माझा बांध फुटला. भावाला टेकायला कोरडी जागाही मिळू नये?

बॉडी चर्चमध्ये ठेवली होती. दोन तास झाले तसं मायला राहवेना. "मले निदान त्याचे पाय तरी धुऊ द्या," ती म्हणाली. फादर आधी नको म्हणाले, मग त्यांनी स्वतःच पायाकडची शिवण उसवली. मायनं ओल्या फडक्यानं डावा पाय पुसला. पुन्हा पुसला.

"काहून थांबली वं?" मावशीनं विचारलं.

"हा माहा योसेफ नाही."

योसेफच्या डाव्या पायावर वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, लागून झालेली लांब खूण होती. या पायावर काहीच नव्हतं.

ठेकेदाराच्या माणसाला धरलं. पडले दोघं होते, दुसरा दवाखान्यात बेशुद्ध आहे, हे तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. त्याच्याच जीपनं नागपूर गाठलं. योसेफ तिथं होता — दुसऱ्याच्या नावानं. डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून रक्तासाठी नातेवाईक शोधतोय. आणखी उशीर झाला असता तर..." पुढचं मी ऐकलंच नाही, बाही वर केली. गट जुळला. भाऊ वाचला.

ज्याला आम्ही माती देणार होतो तो सावनेरपलीकडच्या गावचा होता. त्याच्या घरच्यांनी त्याला स्वतःच्या हातानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी गावी आलो तर दोन्ही खड्डे कोरडे ठणठणीत. ओलसुद्धा नाही! पुढं मी त्याच टेकाडावर चर्चसाठी बोअर मारला. दोनशे फूट गेलो, नुसती धूळ निघाली. ते पाणी कुठून आलं, मला खरंच माहीत नाही. मी फक्त हात जोडतो.

परवा योसेफच्या नातीचं लग्न झालं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तो सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्यावर खेकसला. माझा मुलगा मध्ये बोलायला निघाला, त्याला मी मागं ओढलं.

"ओरड गा योसेफ," मी म्हणालो, "पोटभर ओरड."