पत्रिकेतली नावं

दादाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आज फोनवर आलं. नावं तपासताना आमच्या मामाच्या नावाआधी 'कै.' दिसलं आणि मला नौपाड्यातलं ते डीटीपीचं दुकान आठवलं.

दादाच्या लग्नाची पत्रिका टाइप होऊन पडली होती आणि मध्येच बाबा गेले. लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं. दुकानदार जेवायला बसलेले. आई म्हणाली, "तुला कम्प्युटर येतो ना, बाबांचं तेवढं तूच बदल गं." प्रिंटरच्या गरम शाईचा वास येत होता. बाबांचं नाव सिलेक्ट करायला माझा हातच धजेना. म्हणून मी 'श्री.'च्या जागी 'कै.' लिहिलं आणि स्क्रीनकडे न बघता 'रिप्लेस ऑल' दाबलं.

पत्रिका छापून आल्या, तर दोन्ही काका, मामा, वहिनीचे वडील, सगळेच कैलासवासी. आई एवढंच म्हणाली, "अगं, एकाचंच बदलायचं होतं."

त्या पत्रिका आम्ही फाडून टाकल्या, नव्या छापल्या. एक मात्र मी लपवून ठेवली होती. आज ती काढून पुन्हा वाचली. त्या सगळ्यांतला मामाच शेवटचा राहिला होता. आता त्या पत्रिकेत एकही चूक नाही.