केसर हवेली बघायला गेली तेव्हा

नव्या ट्रेलर ट्रकची पूजा झाली त्या दिवशी विनेश खुशीत होता. पेढा तोंडात टाकत तो बायकोला म्हणाला, "तुझ्या त्या शाळेतल्या मैत्रिणी बोलावतात ना सारख्या? जाऊन ये एकदा. सदू नेईल गाडीतून." केसरला खरंच वाटेना. तिनं मान खाली घालून प्रसादाची ताटं उचलली आणि आत जाऊन पदरानं तोंड पुसलं.

तिच्या सासरच्यांनी मिठागरं सोडून ट्रक घेतले, त्याला बरीच वर्षं झाली. धंदा वाढला, पेणच्या वाटेवर तीन मजली बंगला उठला. केसरच्या अंगावर सोनं आलं, घरात दोन बाया कामाला आल्या. बाहेर मात्र ती जायची ती लग्नाला नाहीतर मयताला, तीही नवऱ्याबरोबर. मारझोड नव्हती, शिवीगाळ नव्हती. फक्त प्रत्येक गोष्ट विचारून करायची.

मैत्रिणींपैकी शकू नागावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवायची. वेणूबाई रेवदंड्याला अंगणवाडीत होती, आता घरी असते. दोघींना वाटेत घेऊन गाडी मुरुडकडे निघाली. तिथे एका जुन्या सरदार घराण्याची समुद्रावरची हवेली हल्ली रविवारी लोकांना बघायला उघडतात. गाडीत दोघी बडबडत होत्या. केसर हसत होती, पण मधेच आरशात सदूकडे बघून गप्प व्हायची. सदू तसा वाईट नव्हता. नवऱ्याचा चुलतभाऊ, वयनी वयनी करायचा. पण विनेशनं विचारलेलं सगळं सांगायचा.

हवेलीत शिरल्या शिरल्या फोन वाजला. विनेशचा व्हिडिओ कॉल.

"पोचलात? दाखव बघू कोण कोण हाय."

केसरनं फोन फिरवला. शकूनं जोरात हात हलवला. "भावजी, काळजी नको, तुमची बायको आमच्या ताब्यात हाय!" फोन बंद झाल्यावर ती वेणूला म्हणाली, "बघ, किती जीव लावतो! आमचा मेला मी चार दिवस दिसले न्हाय तरी विचारायचा न्हाय."

हवेली दाखवायला इनायतचाचा होते. त्यांचा जन्म त्याच आवारात गेलेला. झुंबरं, शिसवी पलंग, भिंतीवरची हरणाची शिंगं असं सगळं दाखवत ते तिघींना वर घेऊन गेले. वरच्या दालनाला समुद्राच्या बाजूनं लाकडी जाळी होती. "बेगमसाहेबा इथूनच समंदर बघायच्या," चाचा म्हणाले. "लग्न होऊन आल्या, मग खाली वाळूवर कधी उतरल्या न्हाईत." ते पुढच्या खोलीचं कुलूप काढायला गेले.

"पण थाट काय असेल गं!" शकू पलंगावरून हात फिरवत म्हणाली. "अगदी आपल्या केसरसारखा. नशीब लागतं."

केसर जाळीशी गेली. खाली गाडीला टेकून सदू फोनवर बोलत होता, ते तिला जाळीतून दिसलं.

"मला दाराबाहेर पडायचं तर विचारावं लागतं शकू," ती म्हणाली. "भाजीला जायचं तरी. माझ्या आईच्या दिवसांना मी दोन तास राहिले, तेवढीच मोकळीक होती."

शकूनं पलंगावरचा हात काढला.

वेणू हळूच म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नाला आली न्हाईस तू. आम्ही म्हटलं, पैसा आला, केसर विसरली. मी तुझं नाव टाकलं होतं गं." तिनं केसरचा हात धरला आणि सोडलाच नाही.

खाली आल्यावर शकूनं फर्मान काढलं, आता माझ्याकडे जेवायचं. सदूनं मान हलवली. "दादा बोलले, थेट घरी आणायचं. वयनी, मला मधे घालू नका, मलाच बोलणी बसतील."

"मग तू जा," केसर म्हणाली. "सांग, वयनी आली न्हाय."

तिघी उतारावरून चालत निघाल्या आणि रेवदंड्याच्या एसटीत चढल्या. शकूच्या ओट्यावर केसरनं सुरमईचं कालवण नि भाकरी खाल्ली, पण प्रत्येक गाडीच्या आवाजाला तिचा घास थांबत होता. उन्हं कलली तसा विनेश स्वतः आला. चपला न काढता अंगणात उभा राहिला, सगळ्यांशी हसून बोलला, मग म्हणाला, "चल." केसर उठली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून गाडी तिच्यासाठी बंद झाली.

पावसाळा असाच घरात गेला. नवरात्राच्या आधी एका दुपारी विनेशचा ऑफिसातून फोन आला. गेटवर कॅमेरा होता, तो त्याला मोबाइलवर दिसायचा.

"गेटवर दोन बायका कोण उभ्या हायत?"

केसर खिडकीशी गेली. शकू नि वेणू घामाघूम होऊन, हातात सोललेले नारळ घेऊन बेल शोधत होत्या.

"माझ्या मैत्रिणी हायत," ती म्हणाली. "जेवूनच जातील."

"मला विचारलं न्हाईस."

"न्हाय विचारलं," केसर म्हणाली, आणि तो पुढे काय बोलतो ते ऐकायच्या आत जिना उतरू लागली. रात्री काय ऐकावं लागणार ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी गेटची कडी तिनं स्वतःच्या हातानं काढली.