मिस्त्रींचा पेचकस

मशीन उघडण्याआधी मिस्त्री पेचकसाचं टोक एका जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकावर घासत. विळ्याला धार लावावी तसं, दहा-बारा वेळा. मग बारीक स्क्रू आपोआप त्या टोकाला चिकटत आणि मिस्त्री म्हणत, "बघा सर, बोलावलं की येतेत."

सेलूत स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. घरी भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या मशीनवर घोगरी वाजली की लोक त्यांच्याकडे येत. भजनाची, बारशाची, कुणाच्या सत्काराची. कॅसेटमधली पट्टी ज्याला घासून वाजते, त्या हेडजवळचा स्क्रू मिस्त्री केसभर फिरवत आणि चिखलातून पाय निघावा तसा आवाज मोकळा होई.

"आवाज कुठं जात न्हाई," ते सांगत. "ज्याच्यावर भरला, त्या मशीनचं हेड वाकडं होतं. आपुन बी तेवढंच वाकडं व्हायचं."

माझी आई ताडकळसला असे. तिला लिहिता येत नव्हतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिनं शेजाऱ्यांच्या टेपवर बोलून मला कॅसेट पाठवली. माझ्याकडे टेप नव्हता. परीक्षा झाली की ऐकू, म्हणून ठेवून दिली. त्याआधीच आई गेली. पुढं शेजाऱ्यांनी ते मशीनही विकलं.

सेलूच्या शाळेत लागल्यावर मी ती कॅसेट मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्क्रू फिरवला आणि आई बोलली.

"चालू हाय का रं हे? लेका, मी बोलायलेय. येळेवर जेवत जा. तुला सांगू नका म्हणतेत, पर..."

पुढं नुसती घरघर.

"हाय, आत हाय," मिस्त्री म्हणाले. "काढतो मी."

पंधरा दिवस शाळा सुटली की मी तिथं जाई. ते पेचकस घासत, हेडला लावत, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत. आई जवळ यायच्या ऐवजी लांब चालली. आधी 'पर' गेलं. मग 'जेवत जा' गेलं.

"टेपच हलकी हाय," मिस्त्री घाम पुसत म्हणत.

त्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या नव्या टेपसोबत इंग्रजी माहितीपुस्तक आलं. मिस्त्री हैदराबादला उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, इंग्रजी येत नव्हतं. "तुमी ग्रॅज्युएट. सांगा की काय लिवलंय."

मी वाचून मराठीत सांगत गेलो. एका ओळीशी अडखळलो.

"थांबलात का, सर?"

मी सांगितलं. चुंबकत्व आलेलं हत्यार हेडजवळ नेऊ नका. हेडमध्येही चुंबकत्व येतं, मग कॅसेट जितकी वाजवाल तितका आवाज पुसत जातो.

आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. पण ती एक ओळ गाळण्याचं शहाणपण मला सुचलं नाही.

मिस्त्री पेचकसाकडे बघत राहिले. "म्हंजे मीच," एवढंच म्हणाले.

"आईचं शेवटचं बोलणं काल ऐकू आलं मला, मिस्त्री," मी खोटं बोललो.

त्यांनी मान वर केली. "काय म्हणल्या?"

मी माहितीपुस्तकाचं पुढचं पान उलटलं.

त्यानंतर घरी भरलेली कॅसेट त्यांनी कधी हातात घेतली नाही. "मिस्त्री, बहिरे झालात काय?" लोक चिडवत. "व्हय," ते म्हणत. दोन वर्षांनी ते वारले. दुकान मोकळं करताना त्यांच्या बायकोनं पेचकस माझ्या हातात दिला. "सरांना द्या म्हणले होते."

तो मी कॅसेटपासून लांब, टेबलाच्या खणात ठेवला आहे. खण उघडला की उत्तरपत्रिकांच्या टाचण्या त्याच्या टोकाला चिकटलेल्या असतात.