टाकीला लावलेला कान

आमच्या शेजारचे चंद्रकांत ढाकणे रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला कान लावायचे. काळी प्लॅस्टिकची टाकी, तिच्यापुढे हे गुडघे टेकून बसलेले, डोळे मिटलेले. माझा मुलगा निषाद, चांगला नोकरी करणारा, पहिल्यांदा बघून म्हणाला, "आई, काका टाकीच्या पाया पडतायत बघ." मी त्याला गप्प केलं, पण हसू मलाही आलं होतं. आता येत नाही.

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला आमची ही रो-हाऊसची ओळ. शेवटचं घर त्यांचं, त्याच्या अलीकडचं माझं, मधली भिंत एकच. डोंगरातल्या झऱ्यापासून एक पाइप खाली आणलाय, तो सगळ्यांच्या टाक्यांत सोडलाय. झरा चालू असला की टाकीत बारीक धार पडत राहते, न थांबता. चंद्रकांतभाऊ तेवढीच ऐकायचे. मी माझ्या गच्चीवरून विचारायची, "काय म्हणतेय टाकी?" ते म्हणायचे, "पडायलंय ताई, बारीक पडायलंय." माघापर्यंत असं म्हणाले. शिमग्यानंतर म्हणायला लागले, "आज नाही. उद्या येईल की." त्यांच्या या 'येईल की'चा मला असा संताप यायचा म्हणून सांगू. माणसानं किती म्हणून भोळं असावं.

माणूस बीडकडचा, पाटोद्याचा. सगळी नोकरी एसटीच्या आगारात, स्टोअरमध्ये. बायको कल्पना, अंगानं नुसती काडी, पण लग्न झाल्यापासून तिनं पाणी वाहिलं. हापशावरून, टँकरवरून, लांबच्या विहिरीवरून. पोटुशी असताना, अंगात ताप असताना. शेवटी मानेचे मणके झिजले. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा दिला आणि बजावलं, यापुढे डोक्यावर काही घेतलंत तर हात लुळे पडतील. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेऊन भाऊ घरी आले, तेव्हा तिनं त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. साडी नाही, सोनं नाही. स्वयंपाकघरातला नळ सोडला की पाणी आलं पाहिजे, बस. ते हो म्हणाले.

त्या एका 'हो'पायी त्यांनी इथं घर घेतलं. त्यांचा सौरभ हिंजवडीला कंपनीत आहे, तो वाकडला फ्लॅट बघू म्हणत होता. हे म्हणाले, छे, पाणी बघायचं तर मुळशीत. आणि आले कधी, तर भाद्रपदात. अहो, भाद्रपदात इथं रस्त्याच्या कडेच्या दगडातूनसुद्धा पाणी निथळत असतं. ज्याची जमीन नि ज्यानं घरं बांधली तो इथलाच किशोर. त्यानं फरशी दाखवली, खिडक्या दाखवल्या, मागची मोकळी जागा दाखवली. यांचं लक्ष कुठलं असायला. यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि बघत उभे राहिले. पाणी धो धो. शेवटी कल्पनावहिनींनाच राहवेना, त्यांनी पुढं होऊन नळ बंद केला. "वाया चाललंय," म्हणाल्या. झालं, घर ठरलं.

आम्हीही तेव्हाच घेतलं, तेव्हा मी काही मोठी शहाणी नाही. पण मी कऱ्हाडची, नदीकाठची. पाणी आहे का हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी विचारलं होतं. किशोरचे वडील कुशाबा तिथं पायरीवर बसले होते. "बाबा, पाणी आहे ना?" भाऊ म्हणाले. "हाय की. दिसतंया न्हवं," म्हणाले कुशाबा.

झरा आटला तशी मी तणतणत कुशाबांच्या दारात गेले. चंद्रकांतभाऊ मागं मागं, "जाऊ द्या ताई" करत. म्हटलं, "बाबा, पाणी आहे म्हणून तुम्ही सांगितलंत." म्हातारा तंबाखू मळत होता. "सांगितलं की. तवा व्हतंच. शिमग्याच्या फुडं ह्यो झरा कदी ऱ्हायलाच न्हाई, माज्या आज्याच्या वक्तीबी न्हाई. बारमाही हाय का, आसं कुनी ईचारलंच न्हाई आमाला." त्यात लबाडीचा सूरसुद्धा नव्हता हो. भांडायला गेलेली मी तशीच परत आले. वाटेत भाऊ म्हणाले, "खरंच बोलला तो. आमच्याकडं एवढं पाणी एकदा दिसलं असतं ना, तर गावानं दोन वर्षं काढली असती. मला वाटलं, आता काय, सुटलो."

मग बोअर घेतली. नुसता फुफाटा उडाला, शेजारच्या चार घरांवर बसला. मग टँकर मागवला. संध्याकाळी टाकी भरली आणि सकाळी बघतात तर अर्धी. ओळीतलं शेवटचं घर, किशोरच्या ठेकेदारानं उरलेसुरले पाइप तिथं जोडून संपवले असणार. भिंतीच्या आतले सांधे गळत होते. नळ कोरडा आणि भिंत ओली, असली तऱ्हा. टाकीच्या बरोबर खालची झोपायची खोली, तिथं रंगाचे पोपडे सुटले, वर काळी बुरशी धरली. लवळ्याहून प्लंबर आला. एक जागा फोडून सांधा बदलला, तर गळती खाली निघाली. तिथं फोडलं तर आणखी तिसरीकडं. शेवटी तो हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "अंकल, पूरा लाइन निकालना पडेगा. फरशी, टाइल्स, सब." ठेकेदाराचा फोन तर कधीचाच बंद. सौरभला त्यांनी काही कळू दिलं नाही. पोरगं आधीच पिचलंय म्हणाले.

कुशाबांची बायको गोजराबाई, तिच्या शेतात विहीर आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "पानी न्या, न्हाई कोन म्हनतंय. पन मोटार लावायची न्हाई. गुरांपुरतंच हाय. हातानं शेंदा, लागंल तेवडं न्या." तेव्हापासून चंद्रकांतभाऊ उजाडायच्या आत स्कूटरला दोन कॅन अडकवून जायला लागले. शेंदायचं, आणायचं, बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर न्यायचं आणि टाकीत ओतायचं. वहिनींना सांगायचं, झरा पुन्हा बारीक लागलाय. वहिनी उठून चहाला नळ सोडायच्या, तर पाणी हजर.

मी एकदा जिन्यातच गाठलं त्यांना. "अहो, कॅन सरळ स्वयंपाकघरात ठेवा ना. वर ओतून निम्मं भिंतीला पाजताय, अक्कल काय गहाण टाकलीय का?"

कॅन खाली ठेवून त्यांनी दम घेतला. "कॅन दिसला की तिला कळंल, ताई. नळ सोडला की आलं पाहिजे. तेवढंच तर मागितलं तिनं." मला गलबलून आलं आणि रागही तेवढाच आला. दोन्ही गिळून मी घरात गेले.

बरं, वहिनींना कळत नव्हतं थोडंच. दुपारी मी त्यांच्याकडे बसायची तेव्हा बघायची. नळाची धार करंगळीएवढीसुद्धा सोडायच्या नाहीत. ताटं आधी कागदानं पुसून घ्यायच्या, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायच्या. मी म्हटलं, "वहिनी, नळाला पाणी येतंय ना, मग हे कशाला?" "असू द्या ताई, सवय आहे," म्हणाल्या. माझ्या नजरेला नजर काही दिली नाही.

एकदा किशोर आला. त्यालाही वाईट वाटत असावं, नाही असं नाही. "काका, येवडं मनाला लावून घेऊ नका. भादव्यात गिऱ्हाईक आनतो मी. नळ सोडून दावायचा, की तुमी मोकळं." खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं हेच आलं की आमच्यासाठीही एखादं बघ म्हणावं. आतून वहिनी म्हणाल्या, "आणि जी येईल तिनं काय करायचं?" किशोर चहा न घेता उठला. सुटायची ती एक वाट होती, तीही गेली.

चैत्र सरताना स्कूटर खडीवरून घसरली. कॅन फुटले, भाऊंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आले ते आडवेच, उठायचं नाही, बसायचं नाही. सौरभ येऊन बघून गेला, पण वडिलांना हलवायची सोय नव्हती. खाट त्याच खोलीत, टाकीखालच्या. मला वाटलं, आता तरी हे नाटक संपेल, वहिनींना खरं सांगतील आणि मी आपल्या कळशीतलं थोडं देत जाईन. माझं तरी किती, निषाद कामावरून येताना कॅन आणतो त्यातलंच.

परवा सकाळी मी पेज घेऊन गेले तर दार उघडं, वहिनी घरात नाहीत. भाऊ छताकडे बघत पडलेले. मी पेज ठेवली आणि खिडकीतून सहज बाहेर बघितलं. गोजराबाईच्या बांधावरून वहिनी येत होत्या. डोक्यावर हंडा. गळ्यात पट्टा. उजवा हात हंड्याला, डावा नुसता लोंबत होता. मी धावत निघणार, तोच भाऊ म्हणाले, "बसा, ताई." मी बसले. का बसले, देव जाणे.

जिन्यावर पावलं वाजली, मधेच थांबली, परत वाजली. मग डोक्यावर टाकीत एकदम पाणी कोसळलं, भदाभद. मग पावलं खाली आली आणि स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. चांगला मोठा सोडला होता, खोलीत ऐकू जाईल असा.

"अहो, आलं हो पाणी," वहिनी तिकडून म्हणाल्या. धाप दाबून बोलत होत्या. "झरा लागला वाटतं."

चंद्रकांतभाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "झऱ्याचं पाणी असं पडत नाही, ताई." मग आवाज चढवून म्हणाले, "म्हटलं होतं ना मी, येईल म्हणून."

"हो," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवरची ओल माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकत होती. नळ तसाच चालू होता.

"कल्पना, बंद कर आता," ते म्हणाले. "वाया चाललंय."

तिनं बंद केला नाही. खाली बादली लावलेली असणार, पण नळ तिनं चालूच ठेवला, त्यांना ऐकू जावा म्हणून. थोड्या वेळानं तो आपोआपच थांबला. मग तिनं रिकामा हंडा उचलल्याचा आवाज आला आणि ती परत विहिरीकडे निघाली.