सासूबाईंनी वाचलेली रहस्यकथा

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला कांजिण्या आल्या. १९५४-५५चा सुमार असावा. आम्ही मुलुंडला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा जागेत राहत होतो आणि मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. साहेबांनी निरोप पाठवला, खपल्या पूर्ण पडेपर्यंत येऊ नका. यजमानांना लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या, म्हणून त्यांची रवानगी घाटकोपरला थोरल्या दिरांकडे झाली. घरात उरलो मी, सासरे आणि सासूबाई.

सासूबाईंशी तोवर माझं बोलणं बेताचंच होतं. सकाळी मी डबा घेऊन पळायची, संध्याकाळी आल्यावर पोळ्यांना बसायची. त्या फारशा बोलत नसत आणि मला त्यांची जरा भीतीच वाटे.

पुटकुळ्या पापण्यांच्या कडांवरही आल्या होत्या. डॉक्टरांनी वाचायची बंदी केली. दोन दिवस मी खाजवायचं नाही म्हणून हात मांडीखाली धरून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई कडुनिंबाचा पाला बदलायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "आई, वेळ जात नाही हो."

त्यांनी पाला बदलला. मग म्हणाल्या, "वाचून दाखवू?"

घरात वाचनालयाचं एकच पुस्तक होतं. यजमानांनी आणलेली रहस्यकथा. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, पुस्तकाला नमस्कार केला आणि वाचायला लागल्या. आजवर त्यांनी फक्त पोथी वाचली होती. त्यामुळे बंगल्याच्या जिन्यावर वाजलेली पावलं, दिवाणखान्यात पडलेलं प्रेत, रक्ताळलेला सुरा, सगळं पोथीच्या चालीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी हेल काढत येऊ लागलं. मी उशीत तोंड खुपसलं.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही आई. हसू येतंय."

मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचून बघितली आणि स्वतःच हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना प्रथमच पाहिलं. बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "काय चाललंय?" सासूबाई म्हणाल्या, "खून."

चौथ्या-पाचव्या दुपारपर्यंत चाल गेली. इन्स्पेक्टरला त्यांनी जाडा आवाज दिला, मोलकरणीला नाकातला. पुस्तक आता बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच असे, पुढची पानं त्या आधीच वाचून घेत. एकदा भात करपला. सासऱ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, पण रात्री पानावरून उठताना विचारलं, "मग, कुणी मारलं त्याला?" सासूबाईंनी सांगितलं नाही.

वाचून झालं की आम्ही बोलत असू. एकदा त्या म्हणाल्या, "चौथीत माझा पहिला नंबर होता. मग लग्न झालं. इथं आले तर घरात पुस्तकं होती, पण सुनेनं पुस्तक घेऊन बसायचं कसं? पोथी वाचायला मात्र कुणाला विचारावं लागत नव्हतं." मी त्यांचा हात धरला. खपल्यांचा विचार त्यांनीही केला नाही.

शेवटी खुनी निघाली ती मेलेल्या मालकाची, त्याच घरात राहणारी विधवा बहीण. सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"गोष्टच आहे आई."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? जिला घरात कुणी विचारत नाही, तिच्यावर ढकलून लेखक मोकळा झाला. इतके दिवस ती बाई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दिवाणखान्यात सुरा ठेवला कधी तिनं?"

मॅट्रिकपर्यंत मी ढीगभर पुस्तकं वाचली होती. पण छापलेलं चुकू शकतं, त्याच्याशी भांडता येतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. वाचायचं, पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं, एवढंच मला येत होतं. पुढे कितीतरी वेळ मी त्यावरच विचार करत पडून होते. मग आम्ही दोघींनी मिळून खून गोष्टीतल्या मालकाच्या भाच्याच्या गळ्यात घातला, आणि तो शेवट सासऱ्यांनाही पटला.

मी बरी होऊन कामावर जायला लागल्यावर एका रविवारी सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. देवळाखेरीज त्या एकट्या कुठं जात नसत.

"कुठं निघालीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"वाचनालयात. पुस्तक बदलायला."

"मी आणतो ना."

"नको. तुम्ही आणाल ते मला आवडायचं नाही."

त्या तासाभराने परतल्या, स्वतःच्या नावानं वर्गणी भरून. पुस्तकाच्या शेवटाबद्दल आपलं मत त्यांनी तिथल्या माणसालाही ऐकवलं होतं.

त्या जूनमध्ये मी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. घरात थोडी कुरकुर झाली, पण सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि विषय संपवला. बदल्यात मी अभ्यास मोठ्यानं वाचायचा, अशी त्यांची अट होती. इतिहास त्यांना आवडला. तर्कशास्त्र तर इतकं आवडलं की सासऱ्यांची पंचाईत झाली. अर्थशास्त्र काढलं की मात्र त्यांना हमखास डुलकी लागे.